उरलेला भात : फोडणीने भागत नाही

शेतकऱ्याच्या घरात उरलेलं अन्न सहसा कोणी टाकत नाही, आणि टाका असे आम्ही सांगतही नाही. पण गेल्या गळीत हंगामात अजिंठ्याच्या एका सभासदाच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा दोन पोरं उलट्यांनी गळून पडली होती. आदल्या रात्री तोडणीच्या टोळीसाठी भात रांधला होता. उरलेलं पातेलं चुलीशेजारी झाकून ठेवलं आणि सकाळी फोडणी दिली. "वाफ येईस्तोवर परतला होता की हो," म्हातारी पुन्हा पुन्हा सांगत होती. जलसंजीवनी पाजून पोरं संध्याकाळपर्यंत सावरली.

म्हातारीचं परतण्यात काही चुकलं नव्हतं. बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूची बीजे कच्च्या तांदळातच असतात. भात शिजला तरी ती मरत नाहीत. भात रात्रभर कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष उकळूनही जात नाही. वासावरून कळेलच असे नाही, त्यात लसणाची फोडणी दिल्यावर तर नाहीच!

म्हणजे भात किती लवकर निवतो, यावर सगळं आहे. शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, ठेवायचंच तर ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली गार ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माठाखालची ओली वाळू काही तेवढी गार होत नाही. भात परातीत दोन बोटे जाडीचा पसरावा, परात गार पाण्यात ठेवावी, वाफ जिरली की डबा फ्रिजात. फ्रिज नसेल किंवा रात्री वीज जात असेल, तर संध्याकाळी मूठभर तांदूळ कमीच टाकावेत. कमी पडलं तर भाकरी आहेच. ती वाळते म्हणून टिकते.

फ्रिजातली आमटी लागेल तेवढीच काढावी आणि ढवळत मधोमध खळखळ कढ येईपर्यंत तापवावी. ती पुन्हा उरली तर तिसऱ्यांदा चुलीवर चढवू नये.

आणि लग्नाचा उरलेला भात बैलापुढे पालथा घालू नका. सवय नसताना एकदम भरपूर भात खाल्ला की पोटात आम्ल वाढून जनावर दगावतं. बैलानं रवंथ थांबवला, सुस्त होऊन बसला, तर सकाळची वाट न बघता पशुवैद्याला बोलवा.