एचआयव्ही आहे, हे ऑफिसात सांगावंच लागतं का?

चांदूर रेल्वेसारख्या छोट्या गावात गोळ्यांची बाटली कुणाच्या नजरेस पडली, तरी बातमी पसरते. मग साहेबांना सांगायचं का? सक्ती नाही. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तर 1997 मध्येच, नाव गुप्त ठेवून, नोकरी नाकारलेल्या मजुराच्या बाजूने निकाल दिला होता.

विम्याचं गणित वेगळं. अर्जात विचारलं असेल तर खरंच लिहा. लपवलं तर ऐन आजारपणात क्लेम अडकतो. निव्वळ एचआयव्हीमुळे विमा नाकारायचा, तर कंपनीकडे जोखमीच्या आकडेवारीचा आधार हवा. तो लेखी मागा.

औषधं सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात. शंका असेल तर 1097 वर फोन करा.