नवसागराचा नवा घट

कल्हईवाल्याने तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उसळतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. १८६६ साली फ्रान्सच्या लेक्लांशे यांनी आपल्या विद्युत्‌घटात नवसागराचेच पाणी घातले होते. पण तेथे झिजे ते जस्त. आता अमोनियमच्या आयनालाच विजेचा हमाल करावा, असा प्रयत्न चालू आहे. घट भरताना हा आयन एका अग्रातून निघून दुसऱ्यात शिरतो, वापरताना परत येतो.

लिथियमच्या नेहमीच्या घटातील द्रव पेट घेऊ शकतो. येथे पाणी आहे, म्हणून ते भय फारच कमी. परंतु सुमारे १.२३ व्होल्टच्या पुढे पाणीच फुटू पाहते. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्य विद्यापीठात २०१७ साली असा घट झाला, त्याचा दाब सुमारे १ व्होल्ट आणि साठा सक्रिय द्रव्याच्या किलोमागे सुमारे ४३ वॉट-तास. खिशातल्या फोनला हा चालायचा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. उन्हाची वीज रात्रीसाठी एका जागी साठवायची, तर वजनाची एवढी पर्वा नसते.

खरा प्रश्न आयनाच्या बिऱ्हाडाचा. लिथियम आयन नुसता गोळा. अमोनियमला हायड्रोजनचे चार हात आहेत आणि शेजारी ऑक्सिजन भेटला की तो त्याला धरतो. पकड सैल असली तर तो टिकत नाही, घट्ट असली तर सुटत नाही. ऑरेगॉनच्या घटात धनाग्राला रंगाऱ्यांच्या प्रशियन निळ्याच्या कुळातले, निकेल घातलेले द्रव्य होते. त्याची जाळी घाईने बनवली की मध्ये खिंडारे राहतात आणि पाणी घुसते. सिट्रेट मिसळले की धातूचे आयन हळूहळू सुटतात आणि जाळी खडीसाखरेसारखी सावकाश, नीटस वाढते.

व्हॅनेडियम ऑक्साइडच्या थरांत जागा अधिक. पण ते पाण्यात विरघळते. त्यावर थरांमध्ये पॉलिअ‍ॅनिलीनच्या साखळ्या घालतात, किंवा क्षार इतका दाट करतात की मोकळे पाणी थोडेच उरते. मात्र दाट द्रावात आयन मंदावतो, क्षाराचा खर्चही वाढतो.

म्हणून कोणी हजारो फेऱ्यांचा आकडा सांगितला, तर त्या किती दिवसांत उरकल्या हेही विचारावे. झटपट भरून झटपट रिकाम्या होणाऱ्या घटाला विरघळायला वेळच मिळत नाही. तो भरून महिनाभर फळीवर ठेवावा आणि मग मोजावा.