गच्चीची शाकारणी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कौले उतरवावयाची, फुटकी बदलावयाची, वासे चाचपून पाहावयाचे आणि घर पुन्हा शाकारावयाचे, हा महाराष्ट्रातील जुन्या गृहस्थाचा वार्षिक नेम होता. पुढे काँक्रीटची सपाट छते आली आणि हा नेम सुटला. काँक्रीट म्हणजे कृत्रिम दगडच. त्याची निगा ती काय राखावयाची, असा समज रूढ झाला. वस्तुतः गच्चीलाही शाकारणी लागते. तिची रीत तेवढी निराळी असते.

भिलाईच्या पोलादनगरीतील सेक्टर २ हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे स्थळ आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार १९५५ च्या फेब्रुवारी महिन्यात झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच कामगारांसाठी सेक्टरवार आखलेली वसाहत वाढत गेली. भिलाई त्या काळी मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर २००० पासून ते छत्तीसगड राज्यात आहे. वसाहतीतील जुनी छते अनेक दशकांचे ऊन-पाऊस सोशीत आली आहेत.

ऊन, पाऊस आणि छत

या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. १०० चौरस मीटर क्षेत्रफळाच्या गच्चीवर याचा अर्थ वर्षाला सुमारे १,२०,००० लिटर पाणी असा होतो. हे पाणी वाहून गेले तर बाधा नाही. ते साचले म्हणजे मात्र बारीकशी भेगही त्यास पुरते.

भेग पडते ती बहुधा उन्हामुळे. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की काँक्रीटची लांबी दर दहा लाख भागांत सुमारे १० भागांनी वाढते. म्हणजे १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला, तर तो सुमारे ३ मिलिमीटर लांबतो व थंड झाला की पुन्हा आखडतो. वाढ थोडी दिसते खरी; परंतु ही ओढाताण वर्षानुवर्षे चालते आणि जेथे छत कठड्याच्या भिंतीस मिळते त्या सांध्यात प्रथम फट पडते.

फटीतून उतरलेले पाणी आतील लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचते. नव्या काँक्रीटमध्ये सळईला गंज चढत नाही. कारण सिमेंटातील तीव्र अल्कधर्मामुळे तिच्यावर एक संरक्षक पापुद्रा राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो तसतसा हा अल्कधर्म ओसरतो. मग ओल व हवा मिळताच सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक असते. फुगणारा गंज खालचे काँक्रीट फोडतो व एके दिवशी त्याचा ढलपा खोलीत कोसळतो. खाली निजलेल्या माणसाच्या जिवावरच हा प्रसंग बेतू शकतो. छताला आतून गिलावा करून रंग लावल्याने ओलीचा डाग झाकतो. परंतु सळई गंजतच राहते.

घरच्या माणसांनी काय पाहावे?

उन्हाळ्याच्या आरंभी गच्ची स्वच्छ झाडावी. पाणी वाहून नेणाऱ्या नळांच्या तोंडाशी साचलेला पाला व माती काढावी. कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवले असल्यास ते लहान असतानाच मुळासकट काढावे. कारण मुळे फटीचे भगदाड करतात. पाण्याची टाकी पाझरत नाही ना, हेही पाहावे. नंतर बादलीभर पाणी ओतून ते कोणत्या दिशेने जाते याचे निरीक्षण करावे. १०० सेंटिमीटर लांबीस निदान १ सेंटिमीटर उतार असावा.

गळतीचे मूळ नेहमी डागाच्या बरोबर वर असतेच असे नाही. पाणी स्लॅबमधून वाट काढीत दूर जाऊन ठिबकते. अशा वेळी जाणत्या माणसाची गरज लागते.

गवंडी कसा निवडावा?

भिलाई-दुर्ग परिसरात गवंड्यास मिस्त्री म्हणतात. माल वाहणाऱ्या स्त्रियांस रेजा म्हणतात. स्थानिक कारागिरास तेथील ऊन, पाऊस व माल यांची सवय असते. निवड करताना त्याने पूर्वी दुरुस्त केलेली व निदान एक पावसाळा पाहिलेली गच्ची समक्ष पाहावी. जो गवंडी भेग न शोधताच भाव सांगतो, त्यापेक्षा जो आधी उतार मोजतो तो बरा. कामाचे क्षेत्रफळ, मालाचा प्रकार, मजुरी व मुदत ही कागदावर लिहून घ्यावी आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. काठावर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेची तजवीजही त्याच कागदात असावी. सळ्या उघड्या पडल्या असतील तर केवळ गवंड्यावर न विसंबता स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा. घर कारखान्याच्या मालकीचे असल्यास नगरसेवा विभागास कळविल्यावाचून छतास हात लावू नये.

पाणी मारण्याचे महत्त्व

झोतभट्टीतून पोलादाच्या कच्च्या लोखंडाबरोबर धातुमळी निघते. ती दळून सिमेंटात मिसळता येते. असे सिमेंट टिकाऊ असते. मात्र ते सावकाश बळ धरते. म्हणून भारतीय मानकानुसार मिश्र सिमेंटाचे काँक्रीट निदान १० दिवस व कोरड्या उष्ण हवेत निदान १४ दिवस ओले ठेवावे लागते. मे महिन्यातील भिलाईची हवा याच दुसऱ्या प्रकारात मोडते. पाऊस साधारणतः जूनच्या मध्यास येतो, हे ध्यानी घेता काम मेच्या मध्यापर्यंत उरकणे श्रेयस्कर. घाईने केलेला व वेळेआधी सुकलेला कोबा भेगाळतो. मग गवंड्याची मजुरी व घरमालकाचा पैसा दोन्ही वाया जातात.

कोबा पुरता मुरल्यावर नळांची तोंडे बंद करून गच्चीत काही सेंटिमीटर पाणी एक ते तीन दिवस साठवावे व खालून छत पाहावे. ते कोरडे राहिले तर काम उत्तम झाले असे समजून शेवटचा हप्ता चुकता करावा. त्यावर चुन्याची सफेदी केल्यास ऊन परावर्तित होऊन छताची ओढाताणही कमी होते.

कौलारू घराची शाकारणी आळसाने टाळता येत नसे; पहिल्याच सरीला घर गळू लागे. काँक्रीटचे छत वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसते आणि दोष दिसू लागेपर्यंत आतील सळई पुष्कळ झिजलेली असते. म्हणूनच दर उन्हाळ्यात घरमालकाने एक सकाळ गच्चीसाठी राखून ठेवणे हिताचे आहे.