स्वातंत्र्य ‘दिलं’ की ‘मान्य केलं’?

मागच्या व्याख्यानानंतर एकाने म्हटलं, “सर, घटनेने आपल्याला स्वातंत्र्य दिलं.” आपण सगळेच असं बोलतो. आज मला त्यातल्या ‘दिलं’ या एका शब्दावर बोलायचं आहे. कारण जो देतो, तो परतही मागू शकतो. आणि आपल्याकडे एकदा ते मागितलं गेलं.

२५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांत कलम ३५९ खाली राष्ट्रपतींचा आदेश निघाला : कलम १४, २१ आणि २२ मधल्या हक्कांसाठी कोर्टाचं दार बंद. ‘मिसा’खाली माणसं तुरुंगात होती. त्यांनी हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. म्हणजे काय? तर ‘मला कोणत्या कायद्याने डांबलंत, ते कोर्टाला सांगा.’ एवढंच. नऊ उच्च न्यायालयं म्हणाली, हे आम्ही तपासू शकतो. मग सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारलं, एखाद्या पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला, तरी दाद नाही? ॲटर्नी जनरल नीरेन डे यांचं उत्तर : आणीबाणी असेपर्यंत नाही. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक, सरकारच्या बाजूने. बहुमताचा तर्क पाहा : जगण्याचा हक्क कलम २१ मध्येच आहे, ते कलम कोर्टात आणता येत नाही, म्हणजे दादही नाही. ‘दिलं’ या शब्दाचं हे टोक!

खन्ना एकटे म्हणाले, घटना नव्हती तेव्हासुद्धा कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव वा स्वातंत्र्य घेता येत नव्हतं. घटनेने ते फक्त मान्य केलं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं; त्यांनी राजीनामा दिला.

पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरलं की आणीबाणीतही कलम २० आणि २१ साठी कोर्टाचं दार बंद करता येणार नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात तो जुना निकालच रद्द ठरवला गेला. बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते; तो रद्द ठरवणारं मुख्य निकालपत्र त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं.

आता कुणी म्हणेल, मग स्वातंत्र्याला मर्यादाच नाही का? आहे ना. कलम १९ मध्ये वाजवी निर्बंध सांगितलेच आहेत. पण निर्बंध वाजवी का, हे सरकारने पटवून द्यायचं असतं. मी मोकळा का, हे मी नाही.

म्हणून ‘दिलं’ म्हणताना जरा थांबा. तो शब्द आपल्याला याचक करतो.