विजेची तुरटी

मैत्रिणींनो, गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे आपल्याला सांगायला नको. तसंच काम विजेकडून करून घेऊन कारखान्याच्या सांडपाण्यातले विषारी धातू काढता येतात.

हे आपण का समजून घ्यायचं? खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम रासायनिक वसाहतीचं सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रातून शेवटी दाभोळ खाडीत जातं. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीनं २०११ च्या अहवालात तिथल्या प्रदूषणाची नोंद घेतली आहे. खाडीकाठच्या किती बायकांचं घर मासळीवर, तिसऱ्या-कालवांवर चालतं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

धातूंचं वेगळं काय?

प्रक्रिया केंद्रात बरीचशी घाण जिवाणू खाऊन टाकतात. पण शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियम हे धातू त्यांना खाता येत नाहीत. उलट धातू जास्त झाले तर जिवाणूच मरतात. पाणी उकळूनही धातू जात नाहीत. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या दहा टँकरमध्ये मिळून फक्त एक ग्रॅम! चवीवरून, वासावरून कळणार कसं?

जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, मासळीत साठला आणि ती खाणाऱ्यांच्या मेंदूला, नसांना इजा झाली. १९५६ साली हा आजार उघड झाला. आईच्या पोटातली बाळंही त्यातून सुटली नाहीत.

वीज काय करते?

टाकीत सांडपाणी घेऊन लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे उभे करतात आणि बॅटरीसारखी एका दिशेची वीज सोडतात. एका बाजूचा पत्रा हळूहळू विरघळतो आणि पाण्यात त्याचे मऊ पुंजके तयार होतात. विषारी धातू या पुंजक्यांना चिकटतात. मग पुंजके तळाशी बसतात किंवा बुडबुड्यांबरोबर वर तरंगतात आणि ते वेगळे काढता येतात. लोखंडी पत्रा असला तर क्रोमियमचा जास्त विषारी प्रकार कमी विषारी होऊन खाली बसतो.

दुसरी रीत मुलामा देण्यासारखी. तांब्यासारखा धातू विजेनं पत्र्यावरच जमा होतो. तो खरवडून पुन्हा वापरता येतो.

यातही अडचणी आहेत

पत्रे झिजतात, ते बदलावे लागतात. विजेचं बिल येतं. सगळी रसायनं यानं निघत नाहीत. आणि जो गाळ उरतो त्यात तेच विष असतं. तो ओढ्याकाठी टाकला तर सगळी मेहनत पाण्यात! तो तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच जायला हवा. हा प्रयोग घरी मात्र कुणी करू नये.

आपण काय विचारायचं?

ग्रामसभेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चिपळूण कार्यालयात लेखी विचारा:

१. धातू असलेलं सांडपाणी बाकीच्यात मिसळण्याआधी कारखान्यातच वेगळं साफ होतं का? एकदा मिसळलं की काढणं अवघड आणि महाग.
२. तपासणीत धातूंचे आकडे आहेत का?
३. उरलेला गाळ कुठे जातो?

गावातल्या तपासणी किटवर शिसं-पारा दिसत नाही. त्यासाठी विहिरीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा, आणि अर्जाची पोच जपून ठेवा. एकटीनं विचारलं तर टाळतील. गटाच्या सह्या असल्या तर उत्तर द्यावंच लागेल.