पाव इंची आटे आणि माळव्याचा मे महिना

प्रोसेसरवरून पाणी फिरवलं की उष्णता संपते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. ती संपत नाही. पाणी तिला उचलतं आणि खोलीत आणून टाकतं. खोली तिरल्यातली असेल आणि महिना मेचा, तर याचा अर्थ अंगालाच कळतो. माळव्यात धार जिल्ह्यातलं तिरला घ्या, नाहीतर पवारांच्या संस्थानांमुळे अजून मराठी बोलणारी घरं असलेली धार-देवासची जुनी वस्ती घ्या. उन्हाळ्याच्या दुपारी बंद खोली ३८ अंशांवर सहज जाते. रेडिएटरवरून वाहणारी हवाच ३८ अंशांची असेल, तर आतलं पाणी त्याखाली उतरणार नाही, मग संच कितीही महागाचा आणा. रात्री हवा उतरली (शब-ए-मालवाचं कौतुक उगाच होत नाही) की तोच संगणक तेच काम कितीतरी कमी तापमानात करायला लागतो.

मग पाण्याचा खटाटोप कशाला? हिशेब, टायपिंग, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर खरंच नको. चांगला हवेचा कूलर लावा आणि हा लेख इथेच सोडा. प्रश्न येतो तो तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांचा, त्रिमितीय आराखडे करणाऱ्यांचा. १९९३चा पहिला पेंटियम पूर्ण जोरात चालला तरी १५-१६ वॉटच्या आसपास खायचा. इंटेलचा कोअर आय-९ १३९००के टर्बोवर २५३ वॉटपर्यंत जातो, आणि ही सगळी आग सिलिकॉनच्या अडीच चौरस सेंटिमीटर तुकड्यातून बाहेर पडते. इतक्या छोट्या जागेतून उष्णता झटपट हलवायला पाण्यासारखा हमाल नाही.

पाणी किती वाहून नेतं, ते शाळेच्या गणिताने काढता येतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर त्याचं तापमान एक अंशाने वाढताना ते सुमारे ७० वॉट उचलतं. म्हणजे २५० वॉटच्या प्रोसेसरवरून जाताना पाणी फार तर साडेतीन अंशांनी तापतं. प्रवाह चौपट केला तर एका अंशाहून थोडं कमी. जोरदार पंपासाठी दुप्पट पैसे मोजणारे याच अडीच अंशांसाठी मोजत असतात. खरं काम रेडिएटरचं आहे, कारण उचललेली उष्णता हवेत सोडायची ती त्यालाच.

हवा की पाणी, ही निवड फार मोठ्या मापात पाहायची असेल तर पुण्याला पाषाणमध्ये जावं. होमी भाभा रस्त्यावरच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८मध्ये ‘प्रत्युष’ महासंगणक सुरू झाला, क्रे एक्ससी-४० जातीचा, ४ पेटाफ्लॉप्सचा. त्यात पाणी प्रोसेसरला शिवत नाही. कपाटांच्या रांगेतून हवा आडवी वाहते, आणि वाटेत पाण्याच्या नळ्यांच्या जाळीतून गार होऊन पुढच्या कपाटात शिरते. त्याच रस्त्यावर आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ बसवला गेला, राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशनमधला, ७९७ टेराफ्लॉप्सचा. तिथे पाणी थेट चिपला टेकलेल्या पाटापर्यंत जातं. ‘परम’ हे घराणं सी-डॅकचं. १९८८मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात ही संस्था उभी राहिली आणि १९९१मध्ये तिने ‘परम ८०००’ दिला. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला म्हणून आपण आपला केला, ही गोष्ट पुण्यात अजून चवीने सांगितली जाते. अशा यंत्रशाळेत पाणी कुठून येणार, कुठे जाणार आणि उद्या कपाटं वाढली तर नळ कुठून काढायचा, हे यंत्र येण्याआधीच ठरवावं लागतं. घरच्या डेस्कटॉपवर आपण नेमकं उलटं करतो. आधी दिवे लुकलुकणारा संच घेतो, मग तो कुठे मावेल ते पाहतो.

बाजारात मिळणारे बहुतेक संच बंद असतात. पंप आणि ब्लॉक (प्रोसेसरला टेकणारा तांब्याचा पाट) एकाच डबीत, नळ्या कायमच्या दाबलेल्या, पाणी कारखान्यात भरलेलं. ही रचना डेन्मार्कच्या असेटेक कंपनीने रुळवली आणि तिची पेटंटंही जपली. २०१३मध्ये स्विफ्टेकने एच-२२० आणला. तो होता तयार भरलेलाच, पण उघडता येणारा. पाण्याच्या त्याच फेऱ्यात ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक जोडता यायचा. पेटंटच्या भांडणाच्या धास्तीने तो अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावा लागला. नंतर जर्मनीच्या अल्फाकूलने ‘आइसबेअर’ काढला. त्यात तांब्याचा रेडिएटर आणि मध्ये झटकन सुटणारा जोड. तो जोड सोडवायचा, मध्ये आणखी एक ब्लॉक किंवा रेडिएटर अडकवायचा. इंदूरच्या जेल रोडवर असे संच मिळाले तर नशीब. बहुधा मागवूनच घ्यावे लागतात.

विस्तारता येणारा संच ओळखायचा कसा? खोक्यावरच्या शब्दांवर जाऊ नका, आटे पाहा. ब्लॉक, रेडिएटर, टाकी, पंप या सगळ्यांच्या तोंडांना जी १/४ मापाचे आटे असतील, तर कुठल्याही कंपनीचा भाग कुठल्याही भागाला बसतो. हे संगणकवाल्यांनी शोधलेलं माप नाही. पाइपफिटरच्या ब्रिटिश मापातला हा पाव इंची सरळ आटा आहे, आणि हवेचे कॉम्प्रेसर दुरुस्त करणारा तो बघताक्षणी ओळखतो. यात पाणी आट्यांनी अडत नाही, त्यामुळे टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची नाही. फिटिंगच्या गळ्यात काळी रबरी ओ-रिंग असते, ती सपाट पृष्ठावर दाबली गेली की झालं. हाताने आवळायचं, पाना लावायचा नाही. पान्याने आवळलं की ओ-रिंग चिरडते, आणि टाकी अॅक्रिलिकची असेल तर तिला तडा जातो. नव्या माणसाचा हात नेमका इथेच जास्त चालतो, कारण घरच्या नळाने त्याला उलटी सवय लावलेली असते.

मात्र विस्ताराला खरी मर्यादा कॅबिनेटची असते. ढोबळ हिशेब असा, की पंखे माफक वेगाने फिरत असताना १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर साधारण शंभर वॉट सोडतो, आणि तेव्हा पाणी खोलीपेक्षा दहाएक अंशांनी वर राहतं. प्रोसेसर २५० वॉटचा, म्हणजे तीन पंख्यांचा, ३६०चा एक रेडिएटर. पुढे त्याच फेऱ्यात आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं तर आणखी ४५० वॉट आले. आता सात पंख्यांची जागा हवी, म्हणजे दोन ३६०चे रेडिएटर लावूनही ओढाताणच. कॅबिनेटमध्ये वर एक आणि समोर एक मावत नसेल, तर संच विस्तारता येतो या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून आधी कॅबिनेट, मग रेडिएटर, मग पंप, आणि ब्लॉक सर्वांत शेवटी. ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकवर तर मी विचार करूनच खर्च करेन. तो त्या कार्डाच्या सर्किट पाटीच्या मापाने कोरलेला असतो. कार्ड विकलं की तो पेपरवेट. प्रोसेसरचा ब्लॉक मात्र पिढ्या टिकतो. एएमडीच्या एएम-४ सॉकेटचा ब्लॉक सहसा एएम-५लाही बसतो. इंटेलने एलजीए १७०० सॉकेटमध्ये भोकांमधलं अंतर ७५वरून ७८ मिलिमीटर केलं, तेव्हा बऱ्याच कंपन्यांच्या ब्लॉकला फक्त कंस बदलावा लागला.

धातूंबाबत तडजोड करू नये. ब्लॉक तांब्याचा असतो, त्यामुळे रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा. बंद संचांत रेडिएटर बहुधा अॅल्युमिनियमचा असतो. तिथे कारखान्याने घातलेली गंजरोधक रसायनं काम भागवतात, पण आपण फेरा उघडून साधं पाणी भरलं की तांबं आणि अॅल्युमिनियम यांच्यात विजेच्या सेलसारखी प्रक्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम झिजत जातं. पांढरट गाळ जाऊन बसतो तो ब्लॉकमध्ये. ब्लॉक एकदा उघडून पाहण्यासारखा असतो: तांब्याच्या पाटावर केसाएवढ्या फटींचे दाट पापुद्रे कोरलेले, फट मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. तिथे थोडा गाळ, नळीतून सुटलेला चिकट अंश किंवा शेवाळाचा एक धागा अडकला तरी तापमान चढतं. म्हणून रंगीत, चमचमणारी द्रवं मला पसंत नाहीत; त्यातले कण याच फटींत साचतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी विकतात ते डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं तयार द्रव्य, एवढं पुरे. घरातल्या आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात.

पंपात डी-५ आणि डीडीसी या दोन जुन्या जाती अजून बाजार धरून आहेत. दोन्ही १२ व्होल्टच्या, संगणकाच्याच एसएमपीएसवर चालणाऱ्या. वीज गेली तर पंप आणि प्रोसेसर एकदमच थांबतात, त्यामुळे भीती नाही. भीती आहे ती एकटा पंप बंद पडण्याची. त्याची वेग सांगणारी तार मदरबोर्डला जोडून ठेवली, तर पंप थांबताच इशारा मिळतो. अनेकजण ती तार लोंबकळत सोडतात.

संगणक चालू करण्याआधी गळती तपासायची. मदरबोर्डला वीज द्यायची नाही. एसएमपीएसच्या २४ पिनांच्या जोडणीत हिरवी आणि काळी तार जोडून फक्त पंप चालवायचा. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवायची, म्हणजे थेंब पडला की डाग दिसतो. एक पूर्ण दिवस-रात्र असं फिरू द्यावं. मधूनमधून कॅबिनेट तिरकं केलं की रेडिएटरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा गुडगुडत टाकीत येते, पातळी उतरते, पुन्हा पाणी घालावं लागतं.

त्यानंतरचा शत्रू धूळ. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी सुरू झाली, की आजूबाजूच्या शेतांतून उडणारा भुसा आणि काळ्या मातीची बारीक पूड रेडिएटरच्या पात्यांत जाऊन बसते, आणि हे होतं नेमकं उन्हाळ्याच्या तोंडावर. पंखे बाहेरची हवा आत ओढत असतील तर त्यांच्यापुढे धुता येणारी जाळी लावावी. आतली हवा बाहेर फेकत असतील तर धूळ कमी, पण रेडिएटरला मिळते ती कॅबिनेटमध्ये आधीच तापलेली हवा. तिरल्यात मी जाळीच निवडेन आणि दर पंधरवड्याला ती धुवेन. फेऱ्याच्या सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची एक तोटी मात्र पहिल्याच मागणीत घालून ठेवा, सोबत मूठभर ओ-रिंगाही. नाहीतर वर्षाने पाणी बदलायची वेळ येते तेव्हा या दोन्ही गोष्टी इंदूरहून येईपर्यंत संगणक उघडा पडून राहतो.