कलमें केव्हां लावावीं?

फळबाग करण्याची हौस आपल्या शेतकरी बंधूंत वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु कलम कोणतें घ्यावें याची जितकी चौकशी होते, तितकी तें केव्हां लावावें याची होत नाहीं. या उपेक्षेमुळें मीं जें नुकसान सोसलें, तें वाचकांस सोसावें लागूं नये म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

महसूल खात्यांतील नोकरी संपल्यावर देशावरील आमच्या शेतांत मीं आंब्याचीं २० कलमें लाविलीं. महिना फाल्गुन. विहिरीस पाणी होतें, गडी मोकळे होते, पंचांगांत दिवसही उत्तम निघाला. कलमांना फुटलेली तांबूस पालवी पाहून मला समाधानच वाटलें. चैत्राच्या उन्हांत ती पालवी करपली. दिवसाआड पाणी घालूनही ज्येष्ठापर्यंत १४ कलमें वाळून गेलीं. पैशापेक्षां वर्ष फुकट गेलें याचें दुःख अधिक.

पाणी असतां झाड कां मरावें? कलम हलवितांना पाणी शोषणारीं केसासारखीं बारीक मुळें तुटतात अगर दुखावतात. पानांतून मात्र पाणी उडतच राहतें. हवा जितकी कोरडी व उष्ण, तितकें अधिक उडतें. जमा थांबली आणि खर्च वाढला, तर खातें तुटींत जाणारच. कोंवळ्या पालवीचा खर्च तर फारच. यास्तव हवा दमट, आभाळ झांकलेलें व जमीन ओली आणि उबदार असून, पुढील उन्हाळ्यापूर्वीं मुळांना जीव धरण्यास कांहीं महिने मिळतील, तोच लावणीचा खरा हंगाम.

थंड प्रदेशांतील पुस्तकें झाडें हिवाळ्यांत हलविण्यास सांगतात. हिमाचल प्रदेशांत सफरचंदाचीं रोपें हिवाळ्यांतच लावतात, आणि तें योग्य आहे. कारण तेव्हां त्यांस पानेंच नसतात. आंबा बारमाही हिरवा. त्यास तो नियम लागू पडत नाहीं.

देशावर मृगाच्या पहिल्या सरीला भुलूं नये. तिच्यामागून पुष्कळदां पावसाचा खंड पडतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल हातभर खोल गेली, कीं आर्द्रा-पुनर्वसूंत, म्हणजे जूनच्या अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत, लावणी करावी. कोंकणांत आषाढाची झोड लागली म्हणजे खड्ड्यांत पाणी सांचून मुळें गुदमरतात व कुजतात. तेथें पावसाच्या प्रारंभींच लावून बुंध्याभोवतीं मातीचा उंचवटा करावा. तें न साधल्यास पावसाचा जोर ओसरल्यावर भाद्रपदांत लावावें. मात्र मग उन्हाळ्यांत पाण्याची सोय हवीच.

हा हंगाम साधावयाचा तर तयारी वैशाखांत हवी. तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डे खणून उन्हांत तापूं द्यावे. पावसापूर्वीं वरची माती व कुजलेलें शेणखत मिसळून ते जमिनीपेक्षां थोडे उंच भरावे, कारण माती पुढें बसते. आणलेलीं कलमें आठ-दहा दिवस विरळ सावलींत ठेवावीं व पानें पक्व, गर्द हिरवीं झालेलींच लावावीं. ढगाळ दिवस किंवा सायंकाळ पाहून, पिशवी कापून, मातीचा गोळा न फोडतां कलम बसवावें. सांधा जमिनीच्या वर राहिला पाहिजे. काठीचा आधार द्यावा व सांध्याखालील फुटवे खुडावे.

दुसऱ्या वर्षीं त्याच १४ खड्ड्यांत मीं पुनर्वसूंत कलमें लाविलीं. एक गुरांनीं खाल्लें, १३ जगलीं. गडी तेच, विहीर तीच, खतही तेंच. महिना तेवढा बदलला होता. मुहूर्त पंचांगांत अवश्य पाहावा. पण त्यापूर्वीं जमिनींत हात घालून ओल पाहावी, इतकीच विनंती.